इंग्रजीत पी, टी, के जोर लावून म्हणायचे का?

प्रश्न असा आहे की इंग्रजीत जोरकस (फोर्टिस, म्हणजे पी, टी, के, एस वगैरे) आणि सौम्य (लेनिस, म्हणजे बी, डी, जी, झेड वगैरे) अशी व्यंजनं असतात, तर पी, टी, के म्हणताना जास्त जोर लावायचा का?

अजिबात नको. उच्चारांच्या क्लासमध्ये 'पी जोरात, बी हळू' सांगतात आणि पोरं नुसती ओरडायला लागतात. नाव जोराचं असलं तरी कानाला कळतो तो मुख्यतः वेळेचा फरक.

हे आपले अघोष-घोषच (गळ्यात कंप नसलेले आणि असलेले) की, असं म्हणून इथे बरेच जण वाद मिटवतात. मिटत नाही. मराठी 'ब'मध्ये ओठ उघडायच्या आधीच गळ्यात कंप सुरू झालेला असतो. इंग्रज माणूस 'बिन' म्हणतो तेव्हा तो कंप बरेचदा ओठ उघडता उघडता सुरू होतो. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी 1964 साली अकरा भाषांत ओठ उघडणं आणि कंप सुरू होणं यांतलं अंतर मोजलं. त्यात मराठीही होती. इंग्रजी पीला ओठ उघडल्यापासून कंप सुरू होईपर्यंत सुमारे 60 मिलिसेकंद लागतात, टीला 70, केला 80. बी-डीला जवळपास शून्य. मराठी 'प'चं अंतर अगदी थोडं, म्हणजे इंग्रजी बीच्या शेजारचं. म्हणून आपली 'पिन' त्यांना फोनवर 'बिन' ऐकू येऊ शकते. 'आपली वर्णमाला शास्त्रशुद्ध, आपल्याला सगळे उच्चार येतात' म्हणणाऱ्यांनी हे एवढं तरी पाहावं.

मग हवेसाठी 'फिन' म्हणायचं? तिथेही फसतो, कारण आपल्यापैकी अनेकांचा 'फ' ओठ न मिटताच दातावर घासून येतो. ओठ पूर्ण मिटा, सोडा, आणि स्वराआधी हवा जाऊ द्या. तोंडासमोर चार बोटं अंतरावर टिश्यूची पट्टी धरा: 'पिन'ला हलली पाहिजे, 'बिन' आणि 'स्पिन'ला जवळजवळ नाही. एसनंतर हवा नको, तिथे आपला मराठी 'प' चालतो. टीसाठी 'ठ' नको, जीभ मागे वळते. टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला लावा. 'दॅट्स टफ' आणि 'दॅट स्टफ' यांतला फरकही बराचसा या हवेवरच ओळखतात.

पण खरी गोम शब्दाच्या शेवटी आहे आणि ती कुणी शिकवत नाही. 'बीट' आणि 'बीड' (मराठवाड्यातलं नव्हे, मणी) घ्या. जोरकस व्यंजन आपल्या आधीचा स्वर कापतं: 'बीट'मधला ई आखूड, 'बीड'मधला चांगला लांब. आपण दोन्हीकडे सारखाच ई ताणतो आणि सगळा भार शेवटच्या ट-डवर टाकतो. इंग्रजीत तो शेवटचा ट-ड पुष्कळदा नीट सुटतही नाही, त्यामुळे ऐकणारा स्वराच्या लांबीवरच भिस्त ठेवतो. 'आइस' आणि 'आइज' (डोळे) यांतही तेच. 'आइज'च्या शेवटी ऐकू येणाऱ्या झेडचा कंप अर्ध्यात विझतो, म्हणून झेड गुणगुणत बसू नका, स्वर लांबवा. मध्ये एन किंवा एल असेल तर तोही कापला जातो: 'बेंट'चा एन आखूड, 'बेंड'चा लांब, 'बिल्ट-बिल्ड' तसंच.

सवयीसाठी आधी लांब शब्द म्हणा, मग आखूड: बीड-बीट, बॅग-बॅक, राइड-राइट. फोनवर रेकॉर्ड करा आणि शेवटचं व्यंजन कापून ऐका. तरीही जोडीतला कुठला शब्द ते कळलं तर जमलं.

हे दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चाराबद्दल (1964 चे आकडे मात्र अमेरिकन इंग्रजीचे). स्कॉटलंडमध्ये स्वरांच्या लांबीचे नियम निराळे, लँकेशरच्या काही भागांत पी-टी-केची हवाही कमी. अमेरिकेत 'रायटर' आणि 'रायडर' दोन्हींत मधलं व्यंजन जिभेची नुसती टिचकी असते. आणि पुण्यात ऑफिसात पुणेकरांशीच बोलायचं असेल तर यातलं काहीही करायची गरज नाही.