‘सिन्स फोर इयर्स’ का चुकतं? वाचकांचे इंग्रजीविषयीचे प्रश्न

उद्यमबागेतल्या कारखान्यात चार वर्षं मशीनवर आहे. दुसरीकडे मुलाखतीला गेलो, ‘आय ॲम वर्किंग देअर सिन्स फोर इयर्स’ म्हणालो, तर साहेबांनी लगेच दुरुस्त केलं. चुकलं काय? – एक वाचक, बेळगाव

ही चूक आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. तुमचा अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, आपण बोलतोच तसं म्हणून. मराठीत ‘चार वर्षांपासून’ आणि ‘2021 पासून’, दोन्हीकडे ‘पासून’च. कन्नडमध्येही ‘नाल्कु वर्षदिंद’. तिथे ‘इंद’ हा एकच प्रत्यय दोन्ही कामं करतो. दोन्ही भाषा एकाच दिशेला ओढतात, मग इंग्रजीतही सगळीकडे ‘सिन्स’ येऊन बसतो.

इंग्रजीत मात्र आधी ठरवावं लागतं: काम कधी सुरू झालं ते सांगायचंय, की किती काळ झाला ते? सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’: सिन्स 2021, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. कालावधी सांगायचा तर ‘फॉर’: फॉर फोर इयर्स, फॉर टू आवर्स. शिवाय काम मागे सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून नुसत्या ‘आय ॲम’ने भागत नाही. ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फोर इयर्स’ असं म्हणा. मुलाखतीत जीभ अडखळायची भीती वाटत असेल, तर सरळ ‘आय जॉइन्ड इन 2021’ म्हणा. छोटं वाक्य आहे आणि त्यात काहीही चूक नाही.

मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. ‘ही सेड मी’ असं लिहिते. कसं समजावू? – एक पालक, खानापूर

इथे मराठी तिच्या मदतीला येते, आणि याचा फायदा मुलांनी जरूर घ्यावा. ‘तो म्हणाला’ तिथे ‘सेड’, ‘त्याने मला सांगितलं’ तिथे ‘टोल्ड मी’. ‘टोल्ड’नंतर सहसा ऐकणारा लगेच येतो. ‘सेड’नंतर ऐकणारा आणायचाच असेल तर मध्ये ‘टू’ हवा: ‘ही सेड टू मी’. तिला आधी वाक्य मराठीत मोठ्याने म्हणायला लावा. कानाला ‘सांगितलं’ ऐकू आलं, की हात आपोआप ‘टोल्ड’ लिहील.

वह्या-पेनांच्या दुकानाचा बोर्ड रंगवायला दिलाय. पेंटर विचारतोय, ‘स्टेशनरी’च्या शेवटी ए-आर-वाय की ई-आर-वाय? – एक दुकानदार, खडेबाजार

ई-आर-वाय. असा माल विकणारा तो ‘स्टेशनर’, त्याच्या शेवटी ई-आर. पुढे वाय जोडा. ए-आर-वाय लिहिलंत तर अर्थ होतो ‘जागचा न हलणारा’. रंग चढायच्या आत पेंटरला फोन करा.

‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइज’ यांत फरक काय? – एक वाचक, निपाणी

पहिला म्हणजे सल्ला, दुसरा म्हणजे सल्ला देणं. पहिल्याच्या शेवटी ‘स’चा उच्चार आणि स्पेलिंगमध्ये सी, दुसऱ्याच्या शेवटी ‘माझा’तल्या झसारखा उच्चार, पण स्पेलिंगमध्ये एस. अर्जात ‘ॲडव्हायसेस’ असं अनेकवचन लिहू नका. एकच सल्ला म्हणायचा असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ लिहा.