सही मुंबईची, पेन रेस्ट हाउसचं

तुम्ही विचारलंय की राष्ट्रीय पक्षाच्या प्रदेश शाखेला स्वतःचे काही अधिकार असतात का, की सगळं दिल्लीतच ठरतं. आणि जिल्हा कार्यकारिणीत पद मिळत असेल तर घ्यावं का.

अधिकार असतात, भरपूर असतात. ते वापरल्याचं कबूल करायची कुणाची तयारी नसते, म्हणून दिल्लीचं नाव पुढे करतात. मी एका राष्ट्रीय पक्षाच्या जिल्हा कार्यालयाचा चिटणीस होतो. पक्ष कुठला ते लिहीत नाही. आमच्याकडचे ओळखतील, आणि बाकीच्यांना फरक पडत नाही, कारण रीत सगळीकडे तीच आहे.

मुख्यमंत्री कोण हे दिल्लीत ठरतं, यात वादच नाही. 1982 मध्ये बाबासाहेब भोसले झाले, 2010 मध्ये पृथ्वीराज चव्हाणांना केंद्रातून पाठवलं. 30 जून 2022 ला तर फडणवीसांनी दुपारी जाहीर केलं की मी सरकारबाहेर राहीन, आणि तेव्हाचे पक्षाध्यक्ष नड्डा यांचा आदेश आल्यावर संध्याकाळी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पण नगरपालिका? ज्याला आमचं गाव नकाशात सापडणार नाही, तो आमच्या प्रभागातलं नाव ठरवणार?

आमच्याकडे नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा आमचे दाजी, आक्काचे यजमान, इच्छुक होते. उमेदीची सगळी वर्षं पक्षात घातलेली. सतरंज्या उचलल्या, पोलिंग एजंट म्हणून उपाशी बसले, नेत्याच्या सभेला पदरच्या पैशांनी टेंपो पाठवले. तिकिटाच्या मुलाखतीला माणसं घेऊन गेले तेव्हा पक्षाचे निरीक्षक म्हणाले, "तुमचं काम बोलतंय." हे वाक्य निरीक्षक सगळ्यांनाच ऐकवत होते. मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभा होतो.

एबी फॉर्म (ए म्हणजे पक्षातर्फे कुणाची सही चालेल ते, बी म्हणजे अधिकृत उमेदवार कोण ते) शेवटच्या रात्रीपर्यंत हाताबाहेर सोडत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. आधी वाटले की नाराज मंडळी दुसऱ्या पक्षाचा फॉर्म आणायला मोकळी होतात. त्या संध्याकाळपासून जिल्हाध्यक्षांचा फोन नॉट रिचेबल. गावभर शोधाशोध, आणि साहेब रेस्ट हाउसच्या मागच्या सूटमध्ये. मला ठाऊक होतं, जेवणाचे डबे मीच पोचवले होते. मुंबईच्या प्रदेश कार्यालयातून आलेलं पाकीट माझ्यासमोर फुटलं. सगळे फॉर्म कोरे, खाली सह्या मात्र झालेल्या. काळ्या शाईच्या, जाड निबच्या. वर नाव आणि प्रभाग, दोन्ही जागा रिकाम्या. आमदारसाहेब पलंगावर मांडी घालून बसले. कुणाकडे धड चालणारं पेन नव्हतं, म्हणून रेस्ट हाउसच्या रजिस्टरला दोरीने बांधलेलं निळं बॉलपेन सोडवून आणलं आणि त्याने एकेक नाव भरलं गेलं. आमदार नाव सांगायचे, जिल्हाध्यक्ष लिहायचे. दाजींच्या प्रभागावर आमदार जरा थांबले, दात कोरले आणि एका प्लॉटिंगवाल्याच्या पुतण्याचं नाव घेतलं. तो पक्षात आला होता नवरात्रात, आणि ही गोष्ट दिवाळीनंतरची. त्या रात्रीत दिल्लीला एकही फोन लागला नाही. मुंबईला एक लागला, तोही पाकीट पोचलं एवढं सांगायला.

दुसऱ्या दिवशी दाजी हलगी लावून तहसील कचेरीसमोर उभे. फॉर्म तीनच्या आत पडला नाही तर चिन्ह जातं. अध्यक्ष अडीचला उगवले, मुद्दाम. दाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी शेवटपर्यंत भांडलो, पण वरूनच आलं." आणि दाजींनी माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. "तू कार्यालयात बसून काय केलंस? मुंबईला एक फोन लावता आला नाही?" लग्न असो, बारसं असो, पंगतीत हा विषय निघतोच. आक्काने पुढच्या भाऊबीजेला ओवाळलं, पण बोलली नाही. म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो: दाजी, फोन लावून मी सांगणार काय होतो? ज्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, त्याने निर्णय आधीच आमदारांच्या हवाली केलेला होता. तुमचं तिकीट दिल्लीने कापलं नाही, मुंबईनेही कापलं नाही. ज्या आमदारांच्या वाढदिवसाला तुम्ही चौकात फ्लेक्स लावता, त्यांनी कापलं. त्यांच्यावर चिडायची सोय नाही, म्हणून तुम्ही माझ्यावर चिडता.

प्रदेश शाखा पहिल्यापासून अशी नव्हती. 1920 च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषेप्रमाणे प्रांतिक कमिट्या केल्या, मराठी राज्य व्हायच्या चाळीस वर्षं आधी. मुंबईची कमिटी आजही महाराष्ट्र प्रदेशपासून वेगळी आहे, ती त्या काळापासूनची. पुढे प्रदेशाध्यक्षपदाला इतकं वजन होतं की 1985 मध्ये राजीव गांधींनी प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं, तेव्हा वसंतदादांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुख्यमंत्रिपद, चिटणीसपद नव्हे! आज प्रदेशाध्यक्ष बदलला तर तालुकाध्यक्षसुद्धा राजीनामा देत नाही, नवा हार आणायला माणूस पाठवतो. मध्यंतरी संघटनेच्या निवडणुकाच थांबल्या. काँग्रेसमध्ये 1972 नंतर त्या झाल्या थेट 1992 ला. आणि 2022 मध्ये निवडणूक आली तेव्हा अनेक प्रदेश कमिट्यांनी एका ओळीचा ठराव केला: प्रदेशाध्यक्ष नेमायचा अधिकार पक्षाध्यक्षांना. घटनेने हातात दिलेलं मत यांनी स्वतः उचलून दिल्लीला नेऊन दिलं, आणि नंतर तेच म्हणतात आमच्या हातात काही नाही.

भाजपवाले म्हणतील आमच्याकडे शिस्त आहे. आहे ना. 2019 मध्ये बावनकुळे मंत्री असताना त्यांना तिकीट नाकारलं. ते गप्प राहिले, 2022 मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले आणि 2024 मध्ये कामठीतून निवडून आले. पण गप्प राहण्याचं फळ त्या उंचीवर मिळतं. आमच्या दाजींसारखा गप्प राहिला तर पुढच्या वेळी मुलाखतीलाही बोलावत नाहीत.

उलटं उदाहरण सांगलीचं. 2024 च्या लोकसभेला आघाडीच्या वाटपात जागा काँग्रेसऐवजी ठाकऱ्यांच्या शिवसेनेला सुटली. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. पक्षाचं चिन्ह नाही, एबी फॉर्म नाही. जिल्ह्यातली संघटना कुणाच्या मागे होती हे सांगलीत कुणालाही विचारा. वर वाटाघाटी करणाऱ्यांनी जागा सोडली, तरी जिल्ह्याला मान्य नसेल तर असं होतं. अर्थात त्यासाठी घराणं लागतं, दाजींकडे टेंपो होता.

आता पदाचं. उपाध्यक्ष, सहचिटणीस, निमंत्रित सदस्य असलं काही देत असतील तर घेऊ नका. जंबो कार्यकारिणीतली ही पदं लेटरहेडपुरती असतात, आणि लेटरहेडही स्वतःच्या पैशांनी छापायचं. कार्यालयाचं काम मिळत असेल तर घ्या. मान मिळत नाही, पण कोण कुठे बसून काय लिहितं ते दिसतं. आणि एक गोष्ट आधी विचारून घ्या: तुमच्याकडे ए फॉर्मवर कुणाची नमुना सही जाते? त्या निवडणुकीपुरता तोच पक्ष. त्याच्यापर्यंत तुमचं जाणं-येणं नसेल, तर प्रभारींसोबतचे फोटो काढून उपयोग नाही.

हे सगळं पालिका, जिल्हा परिषद, पंचायत समितीपुरतं धरा. विधानसभेची यादी खरंच दिल्लीत फिरते, प्रदेशातून तीन-तीन नावं जातात आणि कधी चौथंच परत येतं. माकपसारख्या (मार्क्सवादी कम्युनिस्ट) पक्षात जिल्हा कमिटी अधिवेशनात निवडली जाते, तिथलं गणित निराळं आहे. शिवाय काही प्रदेशाध्यक्ष खरोखर जिल्ह्याचं ऐकतात, एक असा मी जवळून पाहिलाय, पण तो टिकला नाही.

दाजी सध्या दुसऱ्या राष्ट्रीय पक्षात आहेत, जिल्हा उपाध्यक्ष. तुम्ही तरुण असाल तर पदाच्या आधी एका बूथची मतदार यादी हातात घ्या. मयत, दुबार, स्थलांतरित, सगळ्यांवर खूण करा. हे काम करायला कुणाची सही लागत नाही, आणि निवडणूक लागली की ती यादी मागायला आमदाराचा माणूस तुमच्या दारात येतो.