सासूबाईंच्या हातावरचा पापुद्रा

प्रश्न : सर नमस्कार, मी सुभाषनगर कोल्हापूरची. आमच्या घरात चपलेचं काम चालतंय. परवा सासूबाईंच्या हातावर पांढऱ्या रश्श्याचं पातेलं कलंडलं. डॉक्टरांनी जखम धुवून वर बटर पेपरसारखा पातळ पापुद्रा लावला, कोलॅजन मेंब्रेन म्हणाले, जनावराच्या कातड्यापासून करतात म्हणे. मामंजी म्हणतात, न कमावलेलं कातडं चार दिवसांत नासतंय, हे अंगावर कसं टिकणार? आता ते वाळून कडक झालंय, कडा सुटायला लागल्यात. ओढून काढू का? आणि पायाचं सूप दिलं तर लवकर भरून येईल का?

उत्तर : ताई, आधी कामाचं. ओढू नका. कोरडा होऊन चिकटून बसणं हेच त्याचं काम आहे, खाली नवी कातडी आली की तो आपोआप सुटतो. सुटलेली कड ड्रेसिंगवेळी सिस्टरकडून कात्रीनं कापून घ्या. पण पापुद्र्याखाली पाणी किंवा पू साठला, वास आला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण इन्फेक्शन झालेल्या जखमेवर हा पापुद्रा ठेवत नाहीत. सासूबाईंना शुगर असेल तर जास्तच लक्ष ठेवा.

आता मामंजींचा प्रश्न, आणि तो फार नेमका आहे. कातडं म्हणजे मुळात कोलॅजनच, म्हणजे धाग्यांसारखं प्रथिन. त्याचा एक रेणू म्हणजे तीन पदरांचा पीळ, जाडी दीड नॅनोमीटर, लांबी ३०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). हा तिपेडी पीळ आपल्याच देशात, मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या शास्त्रज्ञांनी १९५४ साली मांडला, आणि त्यांना तपासायला कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध मिळाला तो तिथल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून, म्हणजे चामड्याच्याच माणसांकडून! मला ही गोष्ट सांगताना दरवेळी अभिमान वाटतो.

पापुद्रा करताना सुरुवात तुमच्यासारखीच होते, केस, चरबी, मांस काढून कातडं स्वच्छ करायचं. पुढं वाट वेगळी. बारीक तुकडे करून थंडगार खोलीत, ४ अंशांच्या आसपास, पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवतात आणि पेप्सिन घालतात, हे आपल्या पोटातलंच पाचक. ते मधला पीळ मोडत नाही, फक्त दोन्ही टोकांचे सुटे धागे कुरतडतं, आणि शरीर परकं म्हणून ज्याच्यावर चिडतं त्यातला मोठा भाग त्या टोकांतच असतो. मग मीठ घालून कोलॅजन खाली बसवायचं, धुवायचं, ट्रेमध्ये पातळ ओतून वाळवायचं की झाला पापुद्रा, आणि गोठवून वाळवलं तर स्पंज. सगळं थंडीत का, तर गाईम्हशीचं विरघळलेलं कोलॅजन ४० अंशांजवळ पीळ सोडतं आणि जिलेटिन होतं. पायाचा रस्सा गार झाल्यावर थलथलीत होतो ना, तेच ते.

नासण्याचं म्हणाल तर मामंजी बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावतात तेव्हा त्यातलं टॅनिन धाग्याधाग्याला जखडतं, म्हणून जिवाणूंना ते खाता येत नाही. लॅबमध्येही हेच करतात, त्याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. पूर्वी ग्लुटारल्डिहाइड फार वापरायचे, बंध पक्के बसतात पण त्याचा अंश उरला तर पेशींना घातक, म्हणून ईडीसी नावाचं रसायन किंवा गार्डेनियाच्या फळातून मिळणारं जेनिपिन वापरतात, कधी नुसता अल्ट्राव्हायोलेट प्रकाश. पण चपलेचं कातडं वर्षानुवर्षं टिकायला हवं, जखमेवरच्याला काम झालं की जायला हवं, त्यामुळं बंध किती घालायचे हीच खरी कारागिरी. जास्त झाले तर पापुद्रा ताठ होतो, पेशी आत शिरत नाहीत, कमी झाले तर लवकर विरघळतो. दातांचे डॉक्टर हिरडीखाली जो पापुद्रा घालतात त्याचंही तेच, हिरडी भरभर वाढते आणि हाड सावकाश, म्हणून हाडाची जागा हिरडीनं बळकावू नये इतके आठवडे तो मध्ये टिकावा लागतो, शेतातल्या मल्चिंग पेपरसारखा.

शिवाय तो नुसतं झाकण नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स कोलॅजनला चिकटतात आणि रक्त थांबतं, नव्या पेशींना रांगायला धरायला काहीतरी मिळतं, उघड्या नसा झाकल्या जातात म्हणून आग कमी होते. सासूबाईंना लावल्यावर हायसं वाटलं असेल, विचारून बघा. एक मात्र सगळ्यांसाठी सांगतो, पापुद्रा गाईम्हशीचा, डुकराचा किंवा माशाचा असू शकतो, कुणाला धर्मामुळं किंवा ॲलर्जीमुळं चालत नसेल तर लावायच्या आधीच डॉक्टरांना विचारायचं, त्यात संकोच नको.

पायाचं सूप द्या की, पण त्यातलं जिलेटिन पोटात तुटून अमिनो ॲसिड आणि बारीक तुकडे होतं, ते सरळ जखमेवर जाऊन बसत नाही. शरीर स्वतःचं कोलॅजन विणतं तेव्हा पीळ घट्ट बसायला व्हिटॅमिन सी लागतं. म्हणून सोबत डाळ, अंडी द्या, आणि रोज एक पेरू नाहीतर आवळा.