सहलीच्या पहिल्याच दिवशी भांडण झालं तर?

"एवढा खर्च करून परदेशात गेलो आणि पहिल्याच दिवशी भांडलो. आमचं मुळात पटतच नाही का, मॅडम?" मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लग्नाला आठ वर्षं झालेली. लेकीला आजी-आजोबांकडे ठेवून दोघंच पहिल्यांदा बाहेर पडले, तेही थेट प्रागला. रात्रीचा प्रवास, मध्ये विमान बदलणं, सकाळी हॉटेलात सामान टाकून लगेच पायी शहर बघायला. आखणी सगळी तिची: जुन्या शहराचा चौक, तिथलं 1410 सालचं खगोलीय घड्याळ, मग चार्ल्स पूल आणि पलीकडे चढावरचा किल्ला. नकाशात हे अंतर थोडंच दिसतं. पायाखाली मात्र सगळीकडे दगडी फरसबंदी.

घड्याळासमोर गर्दीत उभं राहून त्यांनी तासाचा ठोका पडायची वाट पाहिली. खिडक्यांमधून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती सरकल्या आणि थोड्या वेळात सगळं संपलं. तो म्हणाला, "एवढंच?" तिला ते लागलं. पुलावर तीस पुतळे आहेत. त्यातल्या नेपोमुकच्या संत जॉनची गोष्ट ती सांगत होती. राजाच्या हुकमावरून त्याला 1393 मध्ये नदीत बुडवलं. राणीचं गुपित फोडलं नाही म्हणून, अशी आख्यायिका आहे. तो नुसता "हं" म्हणत राहिला. नेरुदोवा रस्त्याचा चढ लागला तसा एका पायरीवर बसला. "तू जा, मी इथेच थांबतो." ती एकटी वर गेली आणि कॅथेड्रलच्या अंगणात रडली.

परतल्यावर ते माझ्याकडे आले, तेव्हा मी दोघांना भांडण बाजूला ठेवायला सांगितलं. झोप कधी झाली, खाल्लं काय, दुखायला कधी लागलं, एवढंच विचारलं. नव्या बुटांनी त्याच्या टाचेला चौकातच फोड आला होता. "तिने एवढं खपून सगळं ठरवलंय, मी कशाला कुरकुर करू?" म्हणून तो गप्प राहिला. तिलाही पुलावरच कुठेतरी बसून कॉफी प्यायची होती, पण पुढचं राहून जाईल म्हणून ती बोलली नाही. रात्री साडेआठला दोघांचे डोळे मिटायला लागले, तेव्हा आपल्याकडे बारा वाजले होते. एकमेकांसाठी सोसत होते आणि त्याचाच एकमेकांवर राग काढत होते. अशा भांडणाला मी पटत नसल्याचं लक्षण मानत नाही.

खरं दुखणं वेगळंच निघालं. घरीही तो म्हणतो, "तू ठरव, मला काहीही चालेल." ऐकायला हे समजूतदार वाटतं. पण त्यामुळे दिवस चांगला जाण्याची सगळी जबाबदारी तिच्या एकटीच्या डोक्यावर येते, आणि मग त्याचं साधं "एवढंच?" तिला परीक्षेच्या निकालासारखं वाटतं. यावर आम्ही बराच वेळ बोललो.

पहिल्या दिवशी एकच ठिकाण ठेवा, असं मी सांगितलं. दुपार त्याने ठरवायची. "बसूया का?" कुणीही म्हणावं, कारण विचारायचं नाही. एखादा तास वेगवेगळं फिरायलाही हरकत नाही, फक्त कुठे आणि किती वाजता भेटायचं ते आधी ठरवा. सहलीत अपमान होत असेल, जोडीदाराची भीती वाटत असेल किंवा अबोला दिवसेंदिवस टिकत असेल, तर मात्र ते थकव्यावर ढकलू नका, मदत घ्या.

दिवाळीत ते हंपीला जाणार आहेत, आणि या वेळी आखणी त्याची आहे. परवा तिचा फोन आला. "त्याने अजून हॉटेलसुद्धा बघितलं नाही. मी बघून ठेवू का?"

"नको," मी म्हटलं. "वाटलं तर काळजी वाटते एवढं त्याला सांगा."