प्रोबेशनवर सुटका झाली, पण कोर्टाचे पैसे थकले

प्रश्न : मारहाणीच्या खटल्यात माझ्या धाकट्या भावाला कोर्टानं दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं आणि १२,००० रुपये भरायला सांगितलं. मध्येच काम सुटलं. ३,००० भरले, बाकीच्यांची मुदत उलटून गेली. आता तो प्रोबेशन ऑफिसरकडे हजेरीलाही जायला घाबरतो. त्याला पकडून नेतील का?

उत्तर : हजेरी चुकवू देऊ नका. पैसे नसणं कोर्टाला समजावून सांगता येतं, गायब होणं नाही.

निकालपत्राची प्रमाणित नक्कल काढा आणि १२,००० रुपये कोणत्या कलमाखाली लावलेत ते पाहा. घरात सगळे त्याला ‘दंड’च म्हणत असतील; पण अपराधी परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली सोडताना कोर्ट शिक्षा सुनावत नाही, राखून ठेवतं, आणि दंड ही शिक्षाच आहे. तेव्हा ही रक्कम बहुधा कलम ५ खालची असणार : जखमी माणसाची नुकसानभरपाई किंवा खटल्याचा खर्च. त्याच निकालात दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यासाठी वेगळा दंड झालेला असू शकतो, तेही तपासा.

कलम ५ ची रक्कम दंडासारखीच वसूल होते. म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ४६१ प्रमाणे जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट निघतं, किंवा कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. पैसे भरण्याची अट बंधपत्रातच लिहिलेली असेल तर मात्र प्रकरण जड आहे. मग परिवीक्षा अधिनियमाचं कलम ९ लागतं. कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढतं, आणि अट मोडल्याची खात्री पटली तर राखून ठेवलेली शिक्षा सुनावू शकतं. पहिलीच चूक असेल तर ५० रुपयांपर्यंत दंड लावून बंधपत्र तसंच चालू ठेवण्याची मुभा कोर्टाला आहे. रक्कम किरकोळ वाटते म्हणून हे ५० रुपये थकवू नका. तेवढ्यावरूनही मूळ शिक्षा होऊ शकते. जामीनदार असेल तर त्यालाही आत्ताच कल्पना द्या, कारण बंधपत्राच्या रकमेसाठी त्याच्याकडे विचारणा होऊ शकते.

बंधपत्रातली अट बदलायची तर कलम ८ खाली अर्ज प्रोबेशन ऑफिसरनं करायचा असतो, तोही बंधपत्राची मुदत चालू असताना. म्हणून भावाला आधी त्यांच्याकडेच पाठवा. बरोबर ३,००० ची पावती, काम सुटल्याचा कागद, पासबुक आणि घरखर्चाचा साधा हिशेब द्या. ‘परिस्थिती हलाखीची आहे’ एवढ्याच ओळीवर अर्ज टिकत नाही. किती आणि कोणत्या तारखेला भरणार, ते लिहा. भरपाई ऐपतीला धरून असावी आणि ती हप्त्यानं देता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ च्या एका निकालात म्हटलं आहे; त्या प्रकरणातही आरोपी प्रोबेशनवरच होते.

पैसे थकल्यास कैद, असंही आदेशात असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ ची चौकट लक्षात ठेवा : दोन किंवा तीनच हप्ते, पहिला ३० दिवसांच्या आत, पुढचे जास्तीत जास्त ३० दिवसांच्या अंतरानं. उरलेल्या ९,००० चे तीन हप्ते मागता येतील. महिना पाचशेची मागणी त्यात बसत नाही.

पैसे कोर्टातच भरा आणि पावतीवर खटल्याचा नंबर बरोबर आहे ना, ते खिडकीवरच बघा. जखमी माणसाच्या हातात परस्पर दिलेले पैसे कोर्टाच्या दप्तरी दिसत नाहीत.

प्रश्न : दंडाऐवजी कैद भोगली तर दंड फिटतो का?

उत्तर : आपोआप नाही. पूर्ण कैद भोगल्यावर कोर्ट सहसा वसुलीचं वॉरंट काढत नाही. पण खास कारणं लेखी नोंदवून, किंवा दंडातून कुणाला भरपाई देण्याचा आदेश असेल तर ते काढता येतं. वसुलीची मुदत निकालापासून सहा वर्षं. मूळ कैद त्याहून मोठी असेल तर ती संपेपर्यंत.

अर्धवट भरणाही वाया जात नाही. समजा ८,००० दंड आणि न भरल्यास चार महिने कैद आहे. पहिला महिना संपण्याआधी ६,००० भरले, तर महिना पूर्ण होताच सुटका होते. सगळी रक्कम भरली तर त्याच दिवशी.