ट्रॅक्टरचं जळकं ऑइल बांधावर ओतू नकोस

भाऊ, नवीन ट्रॅक्टर घेतलास, छान. पण ऑइल बदलताना निघालेलं काळं ऑइल बांधावर ओतायची सवय लावून घेऊ नकोस. मीही पूर्वी गोठ्यामागे ओतायचो. तिथे पाणी टाकलं की अळूच्या पानावरच्यासारखे थेंब नुसते घरंगळायचे, माती भिजायचीच नाही. मेथी टाकली तर निम्मी उगवलीच नाही. उगवली ती पिवळी.

कारण सोपं आहे. ऑइल मातीच्या कणांवर बसतं, हवा-पाणी अडतं. वर ते खाणारे जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःच ओढतात, पिकाला उरत नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातूही असतात. ते कुजून जात नाहीत.

चुकून सांडलंच तर आधी लाकडाचा भुसा टाकून टिपून घे, ऑइलने काळी झालेली माती खरवडून वेगळी ठेव. उरलेल्या जागी भरपूर कुजलेलं शेणखत, थोडा युरिया, ओल धरून अधूनमधून खणत राहा. महिने लागतात, आणि तिथे पालेभाजी तर नकोच.

बाकी ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठव, पाणी मिसळू देऊ नकोस. नोंदणीकृत पुनर्वापरवाल्यांकडे माल पोचवणाऱ्या गॅरेजला दे. केंद्र सरकारच्या 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. आणि हो, वाळवी मरते म्हणून झाडाच्या बुंध्याला फासायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.