गणपतीत पाहुणे येण्याआधी

अगं, तुझ्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचं निदान होऊन महिनाच झालाय ना? मग सगळ्या नातेवाइकांना एकदम समजवायला जाऊ नकोस. आधी घरातलं एक माणूस धर. मी सासूबाईंपासून सुरुवात केली. "हट्टी आहे, बघतसुद्धा नाही," असं त्या माझ्या लेकाबद्दल म्हणायच्या. त्यालाही स्वमग्नताच आहे. मी एवढंच सांगितलं, की कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही, म्हणून तो कान झाकतो. दुसऱ्या दिवसापासून त्या शिट्टीआधी त्याला सांगायला लागल्या.

गणपतीत झांजा वाजायच्या आधी आतली खोली त्याच्यासाठी मोकळी ठेव, कानांवर लावायचे हेडफोन हाताशी असू देत. पाहुण्यांना आधीच फोन कर: गाल ओढू नका, पाया पडायला लावू नका, तो आपणहून येईल. आमचा लेक दुसऱ्या वर्षी २१ दुर्वांच्या जुड्या मोजून करायला लागला. आता ते काम त्याचंच, दुसरं कुणी हात लावत नाही.

सोसायटीतल्या मुलांना सरळ खरं सांग. ती मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

कागदपत्रं लांबवू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. दिव्यांग प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' ही आरोग्य विमा योजनाही बघ.

आणि "आईचं लक्ष नव्हतं" असं कुणी म्हणालं, तर गप्प बसू नकोस. आईच्या वागण्यानं स्वमग्नता होत नाही. मला हे तोंडावर सांगायला तीन वर्षं लागली.